स्लॅबवरच्या सळ्या

जून २०२४ पासून मी लॅपटॉप घेतो आहे. 'घेतला' असं अजून म्हणता येत नाही, आणि 'घेणार आहे' म्हटलं तर ऑफिसातले लोक हसतात.

त्या महिन्यात तैपेईतल्या कॉम्प्युटेक्समध्ये इंटेलनं ल्युनार लेक ही नवी चिप दाखवली. बारीक, हलके, दिवसभर चार्जरशिवाय चालणारे अल्ट्राबुक येणार म्हणाले. माझं ठरलं. सप्टेंबरात बर्लिनमध्ये ती रीतसर बाहेर पडली. मला हवं असलेलं मॉडेल भारतात आलं तेव्हा फक्त १६ जीबी मेमरीचं आलं. ३२ जीबीचं बाहेरदेशी मिळत होतं. एका मित्राचा भाऊ जर्मनीहून येणार होता, पण तिकडच्या कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल असते आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. सोडून दिलं. मग जाणकारांनी सांगितलं की जानेवारीपर्यंत थांब. जानेवारी आला तर म्हणाले, आता एवढा थांबलास तर पँथर लेकपर्यंत थांब. थांबलो. जानेवारी २०२६ मध्ये लास व्हेगासला तेही झालं. तोवर मेमरीचे भाव असे चढले होते की जुनी किंमत आठवून वाईट वाटावं.

यावर कुणी म्हणेल, हा तुझा चंचलपणा. मीही काही काळ तसंच समजत होतो. माझ्याकडे रकाने पाडलेली एक शीट आहे: वजन, बॅटरीचे वॉट-अवर, पडद्याचा प्रकार, थंडरबोल्टची भोकं किती, एनपीयूचे टॉप्स किती. मायक्रोसॉफ्टनं कोपायलट प्लस म्हणवून घ्यायला किमान ४० टॉप्सची अट घातल्यापासून हा शेवटचा आकडा प्रत्येक जाहिरातीत आहे. माझ्या रोजच्या कामात त्याचा उपयोग शून्य, पण रकाना मात्र मी इमानदारीनं भरतो.

डिसेंबरात मामाचा फोन आला. मामेभाऊ इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, त्याला लॅपटॉप घ्यायचा आहे. "तू एवढा कंप्युटरवाला, सांग की एखादा. पंचावन्न हजारापर्यंत बघ." अठरा महिने अभ्यास केलेल्या माणसाला उत्तर देता आलं नाही. "बघून सांगतो" म्हणालो.

माहिती कमी पडत होती असं नाही. प्रश्नच बदललाय. पूर्वी 'कोणता घेऊ?' याचा अर्थ 'आज माझ्या पैशात काय बसतं?' असा होता. आता त्याचा अर्थ असा आहे: पुढची सहा वर्षं तुला किती मेमरी लागेल ते आजच सांग, पैसे आजच भर, नंतर त्यात बदल होणार नाही. याला खरेदी म्हणत नाहीत, याला पत्रिका बघणं म्हणतात. आणि पत्रिका जुळवायची म्हटली की मुहूर्त आला, मुहूर्त आला की थांबणं आलं.

आमचं कराडचं घर २००४ साली बांधलं तेव्हा खालच्या तीन खोल्या झाल्या. स्लॅबवर कॉलमच्या सळ्या तशाच उभ्या ठेवल्या. दर पावसाळ्याआधी वडील त्यांना सिमेंटचं पाणी मारायचे, गंजू नयेत म्हणून. वरचा मजला चढायला अकरा वर्षं गेली. तुम्ही कुठल्याही तालुक्याच्या गावातून गेलात तर अशी घरं दिसतील. शहरातल्या लोकांना ती अर्धवट वाटतात. ती अर्धवट नसतात. आज एवढेच पैसे आहेत, पुढं आणखी येतील, तेव्हा पाडापाडी करायला लागू नये, एवढा साधा हिशेब त्यात असतो. आमच्या वर्गानं घर, शेती, दुकान, शिक्षण, सगळं याच पद्धतीनं केलं.

२०१५ साली मला घेतलेला लॅपटॉपही याच पद्धतीचा होता. पतसंस्थेचं कर्ज काढून चौतीस हजारांना आणलेला, पंधरा इंची, अडीच किलोच्या आसपास, ४ जीबी रॅम, आणि खालचं झाकण उघडलं की शेजारी एक रिकामा स्लॉट. तिसऱ्या वर्षात लॅमिंग्टन रोडवरून आणखी ४ जीबी आणून त्यात बसवली. चौथ्या वर्षी एसएसडी घातली. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत जुनी हार्ड डिस्क बसवली. ही करामत आमच्या हॉस्टेलच्या मजल्यावर निम्म्या पोरांनी केलेली होती. बॅटरी दोनदा बदलली, खटका सरकवून, एका मिनिटात. विंडोज ११ त्यावर चालत नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. आई त्यावर बचत गटाचा हिशेब ठेवते. अकरावं वर्ष चालू आहे.

२०२० साली स्वतःच्या पगारातून पहिलं अल्ट्राबुक घेतलं. बहात्तर हजार. सव्वा किलो. ८ जीबी रॅम, बोर्डालाच डाग देऊन चिकटवलेली. तेव्हा ती पुरत होती. तीन वर्षांत पुरेनाशी झाली आणि चौथ्या वर्षी त्यातली एक चिप गेली. सर्व्हिस सेंटरवाल्यानं सांगितलं की रॅम वेगळी बदलता येत नाही, आख्खा मदरबोर्ड बदलावा लागेल, बावन्न हजार. मी हसलो. तो हसला नाही. दिवसातून कितीदा हे वाक्य म्हणत असेल कुणास ठाऊक. एक बल्ब गेला म्हणून घराचं वायरिंग उपसावं, असा हा प्रकार. माझं थांबणं त्या दिवसापासूनचं आहे. त्या बावन्न हजारांनी मला एवढं धास्तावलं की पुढची वस्तू चुकूच नये असं वाटायला लागलं.

हे बारीकपणाचं खूळ आलं कुठून? जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं ऑफिसात कागद घालतात तसल्या पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. सगळ्यात जाड जागी १.९४ सेंटिमीटर. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्या पाकिटात आणखी काय काय होतं ते टाळ्यांत विरून गेलं: २ जीबी मेमरी बोर्डाला जोडलेली, बॅटरी आत बंद, यूएसबीचं एकच भोक. २०११ साली इंटेलनं 'अल्ट्राबुक' हा शब्द काढला, जाडी २० मिलिमीटरच्या आत आणि किंमत १००० डॉलरच्या आत अशी कल्पना मांडली, आणि त्याभोवती उद्योग उभा राहावा म्हणून ३० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. म्हणजे बारीक लॅपटॉप ही काही लोकांनी रस्त्यावर उतरून केलेली मागणी नव्हती. ठरवून, पैसे ओतून तयार केलेली आवड होती. मलाही ती लागली, नाकारत नाही. लोकलमध्ये अडीच किलोचं धूड खांद्यावर घेऊन उभं राहिलेल्या माणसाला सव्वा किलोचं मोल सांगायला नको.

पण वजन कमी होणं वेगळं आणि सळ्या कापणं वेगळं. लेनोव्होनं २०२४ मध्ये थिंकपॅड टी१४ च्या पाचव्या पिढीत पुन्हा दोन रॅम स्लॉट दिले, आणि आयफिक्सिटनं त्याला दुरुस्तीसाठी दहापैकी नऊ गुण दिले. ते यंत्र काही पाटा-वरवंटा नाही, रोज पाठीवर नेण्याजोगं आहे. म्हणजे जमतं. दोन-चार मिलिमीटरांचा प्रश्न आहे.

इथं आमच्यातला हार्डवेअरवाला हात वर करतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. एलपीडीडीआर जातीची मेमरी कमी व्होल्टेजवर चालते आणि प्रोसेसरच्या जितकी जवळ तितकी वेगात धावते. स्लॉटची लांब वाट तिला मानवत नाही. ल्युनार लेकमध्ये तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवली होती, १६ किंवा ३२ जीबी, तिसरा पर्याय नाही. बॅटरी टिकली, मान्य. पण त्याच वर्षी इंटेलच्या तेव्हाच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की असं पुन्हा करणार नाही. तुमच्या-माझ्या सोयीचा विचार झाला असेल असं वाटत असेल तर थांबा. दुसऱ्याकडून मेमरी आणून आपल्या पॅकेजवर लावण्यात नफा घटत होता. नफा घटला की तंत्रज्ञानाची सक्ती एका तिमाहीत सैल होते, हे यातून मला कळलं.

आणि उपायही आहे. एलपीकॅम२ नावाची सपाट मेमरीपट्टी स्क्रूनं बोर्डावर बसते. कमी व्होल्टेज तीच, वेग जवळपास तोच, आणि काढता येते. २०२४ मध्ये थिंकपॅड पी१ मध्ये ती आलीसुद्धा. पण हे महागडं वर्कस्टेशन. म्हणजे ज्याची कंपनी दर तीन वर्षांनी नवा लॅपटॉप देते त्याला सुटी रॅम, आणि ज्याचा बाप कर्ज काढतो त्याच्या रॅमला डाग.

'पण अपग्रेड करतंच कोण?' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा चाल लावून अभंग करता येईल. म्हणणारे कोण ते बघा. एक तर परीक्षण लिहिणारे, ज्यांच्याकडे लॅपटॉप दोन आठवडे राहतो. ते 'रॅम सोल्डर केलेली' असं तोट्यांच्या यादीत शेवटी एका ओळीत लिहितात आणि वर साडेचार तारे देतात. त्यांच्या खोलीत एसी असतो, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी कराडात पंख्याखाली तासभर बिल्ड चालवल्यावर हे बारीक यंत्र कसं मलूल पडतं तेही त्यांना दिसत नाही. दुसरे माझ्यासारखे, कंपनीच्या यंत्रावर जगणारे. स्लॉटच नाही म्हटल्यावर अपग्रेड करणार कोण? विहीर बुजवायची आणि मग विचारायचं, पाणी शेंदतंय कोण.

अॅपल कित्येक वर्षं ८ वरून १६ जीबीला जायचे २०० डॉलर घेत होतं. बाजारात सुट्या मेमरीचा भाव त्याच्या जवळपासही नव्हता. बाजारच बंद केला की भाव तुम्ही ठरवता. बाकीच्यांनी हे पाहिलं आणि शिकले. आता डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यानं भाव भडकलेत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं क्रुशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझी पहिली एसएसडी त्याच ब्रँडची होती. अशा वेळी रिकाम्या स्लॉटची किंमत कळते. स्लॉट असेल तर आज थोडकी घ्या, भाव उतरल्यावर भर घाला. डाग असेल तर तेजीतला भाव जन्माला चिकटला.

यात माझाही हात आहे, आणि तो लपवून हा लेख लिहिणं लबाडीचं होईल. ८ जीबी तीन वर्षांत कमी का पडली? मेमरी आटली नव्हती. आम्ही ती खाल्ली. दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसात एक छोटं अॅप केलं: एक यादी आणि दोन बटणं. ते इलेक्ट्रॉनवर केलं, म्हणजे त्या दोन बटणांसोबत आख्खं ब्राउझर इंजिन पाठवलं. लवकर झालं, शाबासकी मिळाली. असली पाच-सहा अॅप्स एका वेळी उघडी ठेवणाऱ्याचा लॅपटॉप 'जुना' होतो, आणि तो जुना करणारे आम्ही नव्याची वाट बघत बसतो. माझ्या टेबलावर ६४ जीबीचं यंत्र आहे, मला काय दिसणार? माझं चाललं तर प्रत्येक डेव्हलपरला आठवड्यातून एक दिवस ८ जीबीवर बसवीन. मला पहिला.

युरोपनं फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता याव्यात असा कायदा केलाय. आपल्याकडे डिसेंबर २०२२ पासून 'राइट टू रिपेअर' पोर्टल आहे. त्यावर कंपन्या दुरुस्तीची माहिती ठेवतात. बावन्न हजारांचा आकडा कमी करणारं त्यात काही नाही. निदान बॉक्सवर छापा म्हणावं: यातली मेमरी कधीही वाढणार नाही. मोठ्या अक्षरात, टॉप्सच्या आकड्याएवढ्या.

तात्पुरतं काम भागवायला म्हणून मी अठरा हजारांना एक जुना थिंकपॅड टी४८० घेतला होता. २०१८ च्या बनावटीचा, दोन स्लॉटचा. मागची बॅटरी लॅपटॉप चालू असतानाच बदलता येते. हा लेख त्यावरच लिहितोय. शीट मात्र अजून उघडतो, खोटं कशाला बोलू.

मामानं शेवटी माझी वाट न बघता साताऱ्याच्या दुकानातून घेऊन टाकला. दीड किलोच्या थोडा वर, ८ जीबी. मामेभावाचा रात्री फोन आला.

"दादा, ८ कमी पडेल काय रे?"

"बोर्डवरचीच आहे ना सगळी?"

"ती आहे बोर्डवर. पण दुकानदार म्हणला, आत एक जागा रिकामी आहे."

त्याला मॉडेल नंबर पाठवायला सांगितला. तपासलं. होती.

"आत्ता काही घालू नकोस," म्हणालो. "भाव उतरू दे."