मेंदूशल्यचिकित्सेतील स्त्रिया : दार उघडले, वाट बिकटच

वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींची संख्या आज डोळ्यांत भरते. मेंदू व मज्जारज्जूच्या शल्यचिकित्सेत, म्हणजेच न्यूरोसर्जरीत, मात्र स्त्रिया अजूनही मोजक्याच आहेत. याचे कारण क्षमतेच्या अभावात शोधणाऱ्यांनी इतिहासाकडे पाहावे.

१९४४ साली बुखारेस्टवर बॉम्बहल्ले होत असताना सोफिया इओनेस्कू या तरुणीने जखमी मुलाच्या मेंदूवर तातडीची शस्त्रक्रिया केली. त्या वेळी त्या शिकाऊ होत्या. आपल्याकडे मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका यांनी १९६८ साली न्यूरोसर्जरीतील एमसीएच पदवी मिळवली आणि त्या देशातील पहिल्या स्त्री न्यूरोसर्जन ठरल्या. चीन युद्धाच्या काळात सैन्यदलात सेवा बजावलेल्या कनका यांनी पुढे डॉ. बी. राममूर्ती यांच्या पथकात मोलाचे काम केले. कवटीला लहानसे छिद्र पाडून मेंदूतील नेमक्या बिंदूपर्यंत पोहोचण्याचे तंत्र या पथकाने भारतात रुजवले.

तथापि, एकेका स्त्रीच्या यशाने व्यवस्था बदलतेच असे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापकपदापर्यंत पोहोचलेल्या फ्रान्सिस कॉन्ली यांनी १९९१ मध्ये स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ राजीनामा दिला. तो त्यांनी नंतर मागे घेतला. पण सर्वोच्च पदावरील स्त्रीलाही अवहेलना चुकत नाही, हे त्यातून जगासमोर आले.

आपल्याकडील अडसर वयाच्या गणितातही आहे. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमएसची तीन आणि एमसीएचची आणखी तीन, असा हिशेब केला तरी शिक्षण संपेपर्यंत तिशी येते. अपत्यजन्माचा काळ आणि रात्रंदिवस चालणाऱ्या तातडीच्या शस्त्रक्रियांचा काळ एकच ठरतो. निवड कोणती करायची, हा प्रश्न मग मुलीलाच विचारला जातो. तिच्या पुरुष सहकाऱ्याला नाही.

यावर उपाय कौतुकसोहळ्यांत नाही. प्रसूतिरजेनंतर प्रशिक्षण सन्मानाने पुढे सुरू करण्याची हमी, मुक्कामी कामासाठी सुरक्षित विश्रांतिकक्ष, रुग्णालयातच पाळणाघर आणि निवड समित्यांवर स्त्रियांचा समावेश, या गोष्टी प्रशासनाच्या हातच्या आहेत. शस्त्रक्रियेच्या मेजावरील रुग्णाला निष्णात हात हवा असतो. तो पुरुषाचा की स्त्रीचा, हे त्याच्या मेंदूला कळत नाही. निम्म्या गुणवत्तेला उंबरठ्यावरच अडवणारी व्यवस्था अखेर नुकसान करते ते रुग्णाचेच.