रुग्णालयाबाहेरची कृतज्ञता

अंत्यसंस्कारानंतर मनात दाटणारी आणि घरी पोहोचेपर्यंत विरून जाणारी विरक्ती म्हणजे ‘स्मशानवैराग्य’. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, आईला पक्षाघात झाला की अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मुलांच्या मनात जी माया उचंबळून येते, तिचीही गत पुष्कळदा अशीच होते. त्या रात्री जुनी भांडणे क्षुल्लक वाटतात, अबोला धरलेले भाऊ एकमेकांना आधार देतात, परदेशातील मुलगी मिळेल त्या विमानाने निघते. संकट टळते, आईवडील घरी येतात आणि महिन्याभरात सारे पूर्ववत होते.

ही माया खोटी नसते. तिला नित्याची जोड नसते, एवढेच. आणि या नित्याच्या जोडीवर केवळ समाधान नव्हे, तर प्राणही अवलंबून असतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यास ती विरघळवणारे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. बोलण्यातील अडखळ, किंचित वाकडे झालेले तोंड, हातातून निसटलेला पेला कोणाच्या लक्षात येणार? जो रोज बोलतो, रोज पाहतो, त्याच्याच. वृद्धांना, विशेषतः मधुमेहींना, हृदयविकारातही कित्येकदा छातीत कळ न येता नुसती धाप लागते. त्यात ‘मुलांना कशाला त्रास?’ म्हणून दुखणे लपविण्याची ज्येष्ठांची वृत्ती! महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. परंतु तो क्रमांक फिरविण्याची वेळ आली आहे, हे ओळखणारे माणूस जवळच असावे लागते.

आईवडिलांच्या उपेक्षेविरुद्ध २००७ मध्ये संसदेने कायदा केला. त्यानुसार ज्येष्ठांना न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो. त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावासही होऊ शकतो. कायदा आवश्यकच आहे. मात्र तो पैसे मिळवून देईल, संध्याकाळचा संवाद नव्हे. दरमहा न चुकता पैसे पाठवणारा आणि वर्षभर घरी न फिरकणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतो. घराच्या दृष्टीने तो अनुपस्थितच असतो.

कृतज्ञतेचा आणखी एक धनी नेहमी विसरला जातो. आजाऱ्याच्या गोळ्यांच्या वेळा, पथ्यपाणी, रात्रीची जाग्रणे बहुधा घरातील एखादी सून किंवा लेक निमूटपणे सांभाळते. भेटीस येणारे रुग्णाची विचारपूस करतात. तिची कोण करतो?

पुंडलिकाची कथा महाराष्ट्राला मुखोद्गत आहे. त्या कथेत आईवडील अत्यवस्थ नव्हते. सेवा नेहमीचीच चालली होती. तीत खंड पडू नये म्हणून त्याने प्रत्यक्ष परब्रह्माला विटेवर थांबविले. आज देव दारी येत नाही, भ्रमणध्वनी मात्र सतत वाजत असतो. त्याला घटकाभर थांबवून आईवडिलांजवळ बसणे, ही कृतज्ञतेची पहिली पायरी होय.