हॉर्लिक्सच्या बाटलीतले 17 हजार कोटी

1 एप्रिल 2020 रोजी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर ही कंपनी हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये विलीन झाली. मुंबईतल्या या बड्या कंपनीने हॉर्लिक्स हे नाव 3,045 कोटी रुपये वेगळे मोजून घेतले. व्यवहाराची किंमत निव्वळ मालमत्तेच्या वाजवी मूल्यापेक्षा जितकी जास्त, तितकी रक्कम ताळेबंदात गुडविल म्हणून बसली. ती सुमारे 17 हजार कोटी!

गंमत अशी, की स्वतः रुजवलेला ब्रँड घराघरांत पोहोचला तरी ‘इंड एएस 38’ या भारतीय लेखा मानकानुसार ताळेबंदात शून्य. विकत घेतला की मात्र मालमत्ता.

हे गुडविल दरवर्षी थोडेथोडे खर्ची पडत नाही. वर्षातून किमान एकदा त्याच्या मूल्याची चाचणी होते, तीही व्यवस्थापनाच्याच अंदाजांवर. फुगा फुटतो तेव्हा एकदम फुटतो. अमेरिकेच्या क्राफ्ट हाइन्झने फेब्रुवारी 2019 मध्ये गुडविल आणि ब्रँडचे मूल्य 15.4 अब्ज डॉलरनी घटवले, आणि दुसऱ्याच दिवशी शेअर पाव हिश्शाहून अधिक कोसळला.

भागधारकांनी नफ्याच्या आकड्यावर न थांबता वार्षिक अहवालातली गुडविलची टीप उघडावी, मूल्याच्या चाचणीत वाढीचा दर आणि वटावाचा दर (डिस्काउंट रेट) कोणता धरला आहे ते पाहावे, आणि वार्षिक सभेत त्यावर प्रश्न विचारावा.