फॉर्म भरून मिळेल!

नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारला उतरा. प्रवरेवरचा पूल, भगवतीमातेचं देऊळ, हंगामात उसानं भरलेल्या ट्रॉल्या, हे सगळं दिसेलच. पण एकदा नुसत्या पाट्या वाचत चाला. एक पाटी नक्की सापडेल, कारण ती तुमच्याही गावात आहे: 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.' दहावीचा निकाल लागला की तिथं गर्दी. पीकविम्याची मुदत संपत आली की गर्दी. नवी योजना जाहीर झाली की मग बघायलाच नको.

आता त्या रांगेतल्या लोकांच्या हाताकडे बघा. बहुतेकांकडे स्मार्टफोन. त्यावर रिल्स चालतात, दुधाचे पैसे यूपीआयनं येतात, पुण्याच्या नातवाला व्हिडिओ कॉल लागतो. मग त्याच फोनवर, घरी ओट्यावर बसून भरता येणारा फॉर्म भरायला हा माणूस पैसे मोजून रांगेत का उभा आहे?

'लोकांना कळत नाही हो,' हे आपलं ठरलेलं उत्तर. मला ते मान्य नाही. व्हॉट्सअॅप कसं वापरायचं याचं शिबिर कुठल्या ग्रामपंचायतीनं घेतलं होतं? ते लोकांना आपसूक आलं, कारण बनवणाऱ्यांनी वापरणाऱ्याचा विचार आधी केला होता. फॉर्म बनवणाऱ्यांनी तो केला नाही आणि त्याचं बिल रांगेतला माणूस भरतोय.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या वेब डिझाइन शिकताय. कुणी बीसीएला, कुणी लोणीला इंजिनीअरिंगला, कुणी रात्री यूट्यूबवर. एचटीएमएल झालं, सीएसएस झालं, फिग्मात देखणे पडदे काढून झाले. पण ते पडदे समोरच्याला वापरता येतात का, हे बघायला किती जणांना शिकवलं गेलं? २०२५ साली राज्यात जे घडलं, ते पाहता अभ्यासक्रमात हाच धडा पहिला हवा.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आठवते? सप्टेंबर २०२५ मध्ये ती सक्तीची झाली. बाईनं स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी टाकायचा, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांचा ओटीपी. आता जिचा नवरा वारलाय आणि वडीलही नाहीत, तिनं काय टाकायचं? पडद्यावर तिच्यासाठी वाटच नव्हती. घटस्फोटितांचंही तेच. १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली आणि अशा महिलांना मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे जमा करायला सांगितलं गेलं. म्हणजे ऑनलाइन कारभारातलं भोक बुजवायला शेवटी अंगणवाडीताईच!

पुढचा भाग डिझाइन शिकणाऱ्यानं वहीत लिहून ठेवावा असा आहे. त्याच फॉर्ममध्ये, कुटुंबातलं कुणी सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचं नकारार्थी विधान होतं आणि त्यापुढे 'होय' किंवा 'नाही' निवडायचं होतं. थांबा, तुम्हीच उत्तर द्या. समजा तुमच्या घरात कुणी सरकारी नोकर नाही. काय दाबाल? आपण बोलतो कसं ते आठवा. 'घरात कुणी सरकारी नोकरीत नाही ना?' 'नाही.' झालं! तुम्ही 'नाही' दाबलंत आणि कॉम्प्युटरच्या हिशेबी तुमच्या घरात एक सरकारी नोकर आला. अनेक जणींचा पर्याय चुकला, हप्ते अडकले, आणि जानेवारी २०२६ मध्ये अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करायची वेळ आली. कोड चुकला नव्हता, रंग चुकले नव्हते. चुकलं होतं एक वाक्य, आणि महिन्याचे १५०० रुपये त्या वाक्याला अडले. गावातल्या पाच बायकांना तो फॉर्म आधी भरायला दिला असता, तर हा घोळ दुपारच्या चहाच्या आत सापडला असता, असं माझं ठाम मत आहे.

साइट बंद पडणं ही वेगळी गोष्ट. त्याच वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. २१ मेला साइटनं मान टाकली आणि नोंदणी २६ मेपासून सुरू करावी लागली. बातम्या आल्या, पालक ओरडले, दुरुस्ती झाली. साइट पडली की सगळ्या राज्याला दिसतं. साइट उभी असते आणि माणूस पडतो, तेव्हा कुणाला दिसत नाही. तो गुपचूप पाटीखालच्या रांगेत जातो.

कारखान्याच्या भागात वाढलेल्यांना पुढचं उदाहरण चटकन कळेल. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हापासून इथल्या ऊस उत्पादकाचे प्रश्न ठरलेले आहेत. तोड कधी? वजन किती भरलं? खत किती उचललं? पेमेंट कधी? हेच प्रश्न कोल्हापूरकडच्या वारणेच्या शेतकऱ्याचे. १९९८ साली तिथं 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प आला. वारणानगर परिसरातली ७० गावं, पन्नासहून अधिक केंद्रांवर कॉम्प्युटर. बाजारभाव, पीकसल्ला, इंटरनेट, सगळं एका खोलीत. त्या काळात देशभर गाजलं ते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या संशोधकांनी केंद्रांवर बसून बघितलं, तर कॉम्प्युटरचा उपयोग मुख्यतः उसाचं वजन, खत, पैसे अशा नेहमीच्या हिशेबापुरताच होत होता. मग त्यांनी ७ गावांत ८ महिने एक प्रयोग केला. कॉम्प्युटर बाजूला ठेवला आणि एसएमएस आणला. शेतकऱ्यानं मोबाइलवरून छोटा मेसेज पाठवायचा, उत्तर मेसेजनंच यायचं. खर्च कमी झाला आणि केंद्र उघडायची वाट बघणं संपलं. शेतकऱ्यांनी ते आनंदानं वापरलं. म्हणजे त्यांना हवी होती एक ओळ, आणि आपण त्यांना खोली बांधून दिली होती! (पोर्टफोलिओत दाखवायला खोली जास्त छान दिसते, हे खरंय.)

चांगली उदाहरणंही आपल्याच भाषेत आहेत. स्मार्टफोन आले तेव्हा मराठी टाइप करणं म्हणजे शिक्षा होती. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या गटानं 'स्वरचक्र' हा कीबोर्ड बनवला. 'क' दाबला की त्याच्याभोवती चक्र उघडतं: का, कि, की, कु, कू. बोट तिकडे सरकवायचं, बस. अक्षरांची मांडणी वर्णमालेप्रमाणे. इंग्रजी कीबोर्डवर कुठल्या कळीमागे कुठलं अक्षर दडलंय, हे पाठ करायची गरज नाही. पहिलीत गिरवलेली बाराखडी ज्याच्या डोक्यात आहे, त्याला ते जमतं. माणसाला जे आधीच येतं त्यावर बांधकाम करायचं, म्हणजे शिकवावं लागत नाही.

मग हे शिकायचं कसं? क्लासची फी भरण्याआधी एक करा. घरातली आई, शेजारचे काका, चुलतबहीण, असे पाच जण निवडा. तुम्ही बनवलेली साइट फोनवर उघडून त्यांच्या हातात द्या आणि एकच काम सांगा: 'यावरून प्रवेशाची शेवटची तारीख शोधा.' मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. 'अगं वर बघ ना, तिथंच आहे,' हे ओठांवर येईल. गिळा. बोट कुठे अडलं, मागे कधी गेलं, 'हे काय असतं रे?' कधी विचारलं, तेवढं लिहून घ्या. पाच माणसांत बहुतेक मोठ्या अडचणी सापडतात, असं जेकब नील्सननं २००० सालीच मांडलं होतं आणि आजही व्यवसायात हे सर्रास पाळलं जातं. माझ्या पहिल्या साइटवर मी मेन्यू तीन आडव्या रेषांमागे लपवला होता. एका काकांनी विचारलं, 'इथं काय लिहिलं होतं, खोडलंय का?' तीन दिवस राग होता मला त्यांचा.

पाच जणांपुढे गप्प बसलात की ज्या गोष्टी सापडतात, त्या कुठल्याच पुस्तकात एकत्र मिळणार नाहीत. 'परवलीचा शब्द' वाचून माणूस थबकतो आणि 'पासवर्ड' म्हटलं की लगेच टाकतो. 'जतन करा'पेक्षा 'सेव्ह करा' कळतं. शुद्ध मराठीचा आग्रह मला कथा-कवितेत प्रिय आहे, बटणावर नाही. ओटीपी आईच्या आधारचा, पण नंबर जोडलेला दादाचा, आणि दादा चाकणला कंपनीत, दुसऱ्या पाळीला. तो फोन उचलेपर्यंत पान 'सेशन एक्स्पायर्ड' म्हणून मोकळं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. फोटो ५० केबीच्या आत हवा, पण केबी कमी कसे करायचे ते कुठेच लिहिलेलं नाही. दुपारी शेतात उन्हात फिकट राखाडी अक्षरं दिसत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा, हा जगभर मान्य असलेला नियम त्याचसाठी आहे. आणि देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार असतात. इंग्रजीच्या मापानं ओळी चिकटवल्या की सगळं एकमेकांत घुसतं. अंतर वाढवा.

आता कोल्हारच्याच मुलीचा पत्ता भरून बघू. जिल्हा? २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. यादीत कुठलं नाव शोधायचं, हे साइट किती जुनी यावर अवलंबून. तालुका राहाता. गाव? आपण एका दमात कोल्हार-भगवतीपूर म्हणतो, पण यादीत ती दोन वेगळी गावं. याच जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यात दुसरं कोल्हार आहे, कोल्हुबाईचं. तिसरं कर्नाटकात, विजयपूरकडे. नुसतं इंग्रजीत 'कोल्हार' टाकून शोधणाऱ्या साइटनं यातलं कुठलं उचलावं? पिनकोड आधी विचारला तर हे कोडं निम्मं सुटतं. एवढ्या साध्या सुधारणेसाठी फिग्मा लागत नाही, गाव माहीत असावं लागतं.

आणि याला आता कायद्याचंही वजन आलंय. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण होतं केवायसीचं. कॅमेऱ्यासमोर पापणी लवून दाखवा म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे कळेल, असं अॅप म्हणायचं. अॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तीनं पापणी कशी लववायची? अंध व्यक्तीनं कॅमेऱ्याच्या चौकटीत चेहरा कसा आणायचा? न्यायालयानं सरकार आणि नियामक संस्थांना २० निर्देश दिले. म्हणजे बँका, विमा, सरकारी खाती, सगळीकडे हे तपासणारी आणि दुरुस्त करणारी माणसं लागतील. पूर्वतयारी फुकट आहे. फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि तुमच्या कॉलेजच्या साइटवर परीक्षेचं वेळापत्रक शोधा.

'पण साइट तर आता एआय बनवतो,' असं म्हणाल. बनवतो ना, दोन मिनिटांत. त्याला सांगितलं तर तो लाडकी बहीणसारखा फॉर्मही देईल, नीट रकान्यांचा, गुलाबी बटणाचा. विधवा बाई त्यात कुठे अडकेल, हे त्याला कुणीतरी सांगावं लागेल. ते सांगणारं तुम्ही व्हा, नाहीतर बटणाचा रंग निवडण्यापुरतं तुमचं काम उरेल, आणि तेही फार दिवस नाही.

या शनिवारी त्या पाटीखालच्या दुकानात जा. दुकानदाराला विचारा, लोक कुठल्या फॉर्मला, कुठल्या पानावर अडतात. त्याला पाठ असतं. कुठला रकाना आधी भरला तर पान पुन्हा पहिल्यापासून येतं, कुठल्या वेळी ओटीपी लवकर येतो, कुठल्या साइटवर आडनाव आधी टाकायचं. आजवर त्याला हे विचारायला कुणी डिझायनर आला असेल, असं वाटत नाही. वही घेऊन जा, गर्दी ओसरल्यावर जा, आणि चहा तुमच्याकडून.