हिजरी तारखा आणि स्प्रेडशीटची साक्ष

भारतीय वाङ्मयाच्या इतिहासात हिजरी तारखेशी ज्याची कधीच गाठ पडली नाही असा अभ्यासक विरळाच. फार्सी तजकिरे, उर्दू पत्रव्यवहार, दखनी हस्तलिखितांच्या पुष्पिका आणि मराठी दफ्तरांतील कागद या साऱ्यांतून ती भेटते. एकेकाळी तिचा इसवी दिनांक काढण्यासाठी जंत्री उघडावी लागे किंवा रॉबर्ट स्यूएल व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ सालच्या ग्रंथातील कोष्टके पाहावी लागत. आज तेच काम स्प्रेडशीटमधील एका सूत्रावर सोपविले जाते. ही सोय मोठी आहे, आणि तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र सूत्राचे उत्तर म्हणजे मूळ कागदाची साक्ष नव्हे. तो त्या साक्षीचा लावलेला एक अर्थ असतो. हे भान सुटले की कालक्रम बिघडतो, आणि तो बिघडल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही.

गालिबच्या मृत्यूचेच उदाहरण घ्यावे. त्याचे वर्ष हिजरी १२८५. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत, या प्रचलित आडाख्याने उत्तर येते १८६८. परंतु ते हिजरी वर्ष एप्रिल १८६८ ते एप्रिल १८६९ असे पसरले होते आणि गालिबचा मृत्यू १५ फेब्रुवारी १८६९ रोजी झाला. अबजद पद्धतीच्या कालश्लेषातून केवळ वर्षच हाती येते, तेव्हा एकच इसवी साल ठामपणे लिहिणे हे गणित नसून धाडस होय.

पूर्ण तारीख हाती असली तरी प्रश्न संपत नाही. सूत्रांमागील गणिती हिजरी पंचांग ३० वर्षांच्या चक्रावर चालते. त्यात ११ वर्षे ३५५ दिवसांची व उरलेली ३५४ दिवसांची असतात. प्रत्यक्ष महिना मात्र चंद्रदर्शनाने सुरू होई, आणि दिवस सूर्यास्ताने. गालिबच्या मृत्यूची नोंदलेली तारीख २ जिल्काद १२८५, वार सोमवार. रूढ गणिती पंचांग मात्र त्याच तारखेला १४ फेब्रुवारी, रविवार, असे उत्तर देते. येथे खरे कोण, हे सूत्र सांगू शकत नाही, वार सांगतो.

त्यातच एक्सेलची स्वतःची मर्यादा आहे. त्याच्या नेहमीच्या मांडणीत दिनगणना १ जानेवारी १९०० पासून सुरू होते, आणि वस्तुतः प्लुत नसलेल्या १९०० सालात ते २९ फेब्रुवारीही मोजते. त्यापूर्वीची तारीख ते तारीख म्हणून स्वीकारतच नाही. केवळ अक्षरे म्हणून ठेवून घेते. मग त्या रकान्याचा क्रम लावला, तर तो काळाचा नव्हे, अक्षरांचा क्रम ठरतो.

मराठी कागदांत हा गुंता अधिकच वाढतो. तेथे महिना व चंद्र हिजरी असतात, पण वर्ष पुष्कळदा शुहूर सनाचे, म्हणजे मृगापासून सुरू होणारे सौर वर्ष असते. पानिपतचा दिवस १४ जानेवारी १७६१, बुधवार, शके १६८२, पौष शुद्ध ८. गणिती हिजरीने तो ७ जमादिलाखर ११७४ येतो. शुहूर सन मात्र ११६१, 'इहिदे सितैन मया व अलफ'. हा ११६१ चा आकडा हिजरीच्या रकान्यात पडला, तर सूत्र निमूटपणे ४ जून १७४८ हे उत्तर देईल. म्हणजे शाहू महाराज हयात असतानाच पानिपत घडेल! शिवाय शुहूर वर्ष सौर आणि महिने चांद्र असल्याने मृगाच्या आसपासची तीच हिजरी तारीख एका शुहूर वर्षात दोनदा येऊ शकते, एकदा आरंभी व एकदा अखेरीस. त्यांतून निवड करणे हे अभ्यासकाचेच काम आहे.

यावर उपाय अवघड नाही. मूळ तारीख कागदात आहे तशी, तिच्याच शब्दांत, स्वतंत्र रकान्यात राहावी. सन कोणता, हे दुसऱ्या रकान्यात स्पष्ट लिहावे. तिसऱ्यात ज्यूलियन दिनसंख्या असावी. ती साधी संख्या असल्याने १९०० ची अट तिला बाधत नाही. हिजरी वर्षाच्या ११ पटीत ३ मिळवून ३० ने भागावे व बाकी सोडावी. त्यात वर्षाची ३५४ पट आणि महिन्याच्या क्रमांकाची ३० पट मिळवावी. महिन्याच्या क्रमांकातून १ वजा करून त्याचे निम्मे, अपूर्णांक सोडून, वजा करावे. शेवटी दिवस व १९४८०५५ मिळवावेत. पानिपतच्या वरील तारखेसाठी २३६४२६६ येतात. या संख्येला ७ ने भागून २ उरतात. ० म्हणजे सोमवार धरल्यास तो बुधवार होतो. चौथ्या रकान्यात इसवी दिनांक आणि पाचव्यात वार व तिथीचा पडताळा यावा. इंग्रज वखारींच्या १७५२ पूर्वीच्या कागदांशी ताडताना त्यांचे जुने पंचांग सतराव्या शतकात १० दिवसांनी मागे होते, हेही ध्यानी घ्यावे.

दोन भाषांमधील अनुवादात मूळ पाठ पुसून टाकणारा अनुवादक कुणालाही मान्य होणार नाही. दोन कालगणनांमधील रूपांतरालाही तोच न्याय लागू आहे. मूळ तारीख गाळून केवळ इसवी दिनांक छापणारे संपादन पुढील संशोधकाच्या हातून चूक सुधारण्याचे साधनच काढून घेते. स्प्रेडशीटने हिशेब जरूर करावा. निर्णयाची जबाबदारी मात्र संपादकाने आपल्या नावावर घ्यावी.