शाळेंतील ढोल

जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. आंबेगांवकडील व त्याही पलीकडील गांवचे पंच तेथें येऊन जत्रेची सुपारी देतात. या मुलखांत ढोलकी व हलगी यांवर अनेकांचा संसार चालतो. येथल्याच विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांचा १९५७ व १९९० सालीं राष्ट्रपतींकडून गौरव झाला. २००२ सालीं त्या निवर्तल्या, त्या मात्र विपन्नावस्थेंत. कलेला टाळ्या आणि कलावंताला उपेक्षा, हा आपला जुनाच न्याय!

हा न्याय पालटण्याचा एक मार्ग शाळेंतून जातो. पुण्यास १९६२ सालीं ज्ञानप्रबोधिनी स्थापन करणारे आप्पा पेंडसे यांनीं तो दाखविला. विसर्जनाच्या मिरवणुकींत मुळशी-मावळाकडील खेडुत जे ढोल वाजवीत, तेच त्यांनीं विद्यार्थ्यांच्या कमरेला बांधले. पुढें इतर शाळांनींही पथकें काढलीं. त्यांत मुलीही आल्या.

अशा पथकाच्या शिक्षकाचें काम सोपें नव्हे. ढोलाच्या एका तोंडावर टिपरूं पडतें, दुसऱ्यावर तळहाताची थाप. ताशा लहानसा, दोन बारीक काड्यांनीं वाजणारा. पण पुढारीपण त्याचेंच. त्याच्या इशाऱ्यावांचून ढोलांनीं चाल बदलावयाची नाहीं. पन्नास मुलांनीं एकदम वाजविणें एक वेळ साधतें, एकदम थांबणें फार कठीण! पावसाळी हवेंत पान सैल पडतें. तें दोरी ओढून पुन्हां ताणावें लागतें. उतावळा मुलगा येथें थांबावयास शिकतो, आणि भित्र्या मुलीला स्वतःचा आवाज सांपडतो. या विद्येला गुणपत्रिकेंत रकाना नाहीं, म्हणून तिचा शिक्षकही हिशेबांत धरला जात नाहीं.

अभ्यास बुडेल, ही आईबापांची शंका खोटी नाहीं. कान बिघडतील, ही तर मुळींच नाहीं. तालमीला वेळेची मर्यादा व कानांत बोळे हवेतच. परंतु कित्येकांच्या मनांतली खरी अडचण निराळी असते. कातड्याच्या वाद्याचा विटाळ गेला असें आपण म्हणतों; पण तें वाजविणाऱ्याला ओसरीच्या आंत घेतों काय? मंचर, घोडेगांव, जुन्नर येथील शाळांनीं गांवच्या हलगीवाल्यास योग्य मानधन देऊन शिकवावयास बोलवावें, आणि आपल्या मुलांनीं त्याला ‘गुरुजी’ म्हणावें. त्या एका शब्दानें मुलें तालाहून अधिक कांहीं शिकतील.