पराभवाचे वाटेकरी

वर्धा जिल्ह्यातील जमीन काळी व चिकण. पावसाळ्यात वर्धा, आर्वी किंवा हिंगणघाट येथील एखाद्या मैदानावर फुटबॉलचा खेळ रंगला, म्हणजे चेंडूबरोबर मातीही पायांना चिकटते आणि सामना संपेपर्यंत दोन्ही संघांच्या पोशाखांचा रंग एकच होऊन जातो. अशा सामन्यात गोलांची बरोबरी झाली, तर विजयी कोणास म्हणावे, असा प्रश्न उभा राहतो. जगातील मोठमोठ्या स्पर्धांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. त्याचे जे उत्तर शोधण्यात आले, त्याविषयी आजही मतभेद आहेत.

पूर्वी अशा वेळी दैवाचा कौल घेत असत. १९६८ साली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत इटली व सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना नेपल्स येथे झाला. १२० मिनिटे झुंजूनही कोणासच गोल करता आला नाही. अखेर नाणे उडविण्यात आले. कौल इटलीच्या बाजूने पडला आणि सोव्हिएत खेळाडूंना माघारी जावे लागले. त्यांचा दोष तो कोणता? त्यांनी खेळात कसूर केली नव्हती. केवळ नाण्याची दुसरी बाजू वर आली होती. अशा निर्णयाने मनाचे समाधान कसे व्हावे? म्हणून १९७० साली फुटबॉलच्या नियमांत पेनल्टीच्या फटक्यांनी निर्णय घेण्याची पद्धत समाविष्ट करण्यात आली.

ही पद्धत दिसावयास सोपी आहे. गोलापासून अकरा मीटरांवर चेंडू ठेवतात. समोर ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असा गोल आणि त्याच्या रक्षणासाठी एकटा गोलरक्षक. दोन्ही संघांतील खेळाडू आळीपाळीने पाच पाच फटके मारतात. तरीही बरोबरी राहिली, तर एकेक फटका मारून खेळ पुढे चालू राहतो. पहिला फटका कोणी मारावा, हे मात्र अजूनही नाणे उडवूनच ठरवितात. परंतु आता नाण्याच्या हाती फक्त प्रारंभ राहिला आहे, शेवट नव्हे.

महाराष्ट्राच्या भूमीनेही हा प्रसंग पाहिला आहे. २०२२ सालच्या जानेवारीत महिलांच्या आशियाई चषक स्पर्धेत पुण्याजवळील बालेवाडी येथे फिलिपाइन्स व चिनी तैपेई हे संघ एकमेकींसमोर उभे ठाकले. जो संघ जिंकेल त्यास विश्वचषक स्पर्धेत प्रवेश मिळणार होता आणि फिलिपाइन्सला तोपर्यंत तो मान कधीच लाभला नव्हता. जादा वेळ संपला तरी सामना १–१ असा बरोबरीतच राहिला. मग पेनल्टीचे फटके सुरू झाले. फिलिपाइन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने प्रतिपक्षाचे फटके तर अडविलेच, शिवाय स्वतः पुढे येऊन एक गोलही केला. शेवटी ४–३ अशा गुणांनी फिलिपाइन्सची सरशी झाली. ज्या खेळाडूचे काम केवळ अडविण्याचे, तिनेच वेळ येताच फटका मारण्याचे धैर्य दाखविले. यास नुसते दैव म्हणणे योग्य होणार नाही.

कोणी म्हणतील, की फुटबॉल हा अकरा जणांचा खेळ आहे. त्याचा निर्णय एकेकट्याच्या फटक्यावर सोपविणे अन्यायाचे आहे. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु खेळाडू दमून गेलेले असताना सामना अमर्याद वाढवीत नेणे हिताचे नाही, आणि नाणेफेकीकडे परत वळणे तर त्याहूनही वाईट. पेनल्टीच्या फटक्यात निदान सराव, एकाग्रता व मनाची स्थिरता यांची परीक्षा होते. म्हणून ही पद्धत निर्दोष नसली, तरी उपलब्ध उपायांत ती पुष्कळ बरी म्हणावी लागेल.

खरा अन्याय नियमात नसून पाहणाऱ्यांच्या मनात असतो. १९९४ साली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीच्या रोबेर्तो बाज्जिओचा फटका आडव्या दांडीवरून गेला आणि ब्राझील विजयी झाले. तेव्हापासून त्या पराभवाशी त्याचे नाव जोडले गेले. परंतु त्याच्यापूर्वी इटलीच्या आणखी दोघांचे फटके वाया गेले होते. बाज्जिओचा फटका यशस्वी होता, तरी ब्राझीलचा एक फटका शिल्लकच होता. एवढेच नव्हे, तर त्या स्पर्धेत पाच गोल करून इटलीला अंतिम सामन्यापर्यंत पोचविण्यात त्याचाच वाटा मोठा होता. लोकांनी पाच गोल विसरावेत आणि एक चूक मात्र जन्मभर लक्षात ठेवावी, हा कोठला न्याय?

२०२१ साली युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या तीन तरुण खेळाडूंचे फटके चुकले, तेव्हा काही लोकांनी त्यांच्या कातडीच्या रंगावरून त्यांना अपशब्द वापरले. त्यांपैकी मार्कस रॅशफोर्ड याचे मँचेस्टर येथील भिंतीवर रंगविलेले चित्रही विद्रूप करण्यात आले. परंतु लगेच त्या शहरातील माणसे, लहान मुलेसुद्धा, तेथे आली आणि त्यांनी धीराचे शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी ती भिंत झाकून टाकली. विजयाच्या दिवशी टाळ्या वाजविणारे पुष्कळ असतात; पराभवाच्या दिवशी जवळ येतात, तेच खरे सोबती.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पेनल्टीने निकाल लागलेला सामना अधिकृत नोंदीत बरोबरीचाच गणला जातो. फटक्यांनी ठरते ते एवढेच, की पुढे कोणी जावयाचे. ज्या सामन्यात संघच पराभूत मानला जात नाही, तेथे एकट्या खेळाडूच्या माथी पराभव मारण्याचा अधिकार कोणास पोचतो?

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून जो शिक्षणविचार पुढे आला, त्यात हात, बुद्धी व हृदय या तिहींच्या विकासाचा आग्रह होता. पेनल्टीचा फटका मारताना खेळाडूच्या पायांची व बुद्धीची कसोटी लागते. फटका चुकल्यावर मात्र कसोटी लागते ती त्याच्या सोबत्यांच्या हृदयाची. मान खाली घालून मैदानाच्या मध्याकडे परतणाऱ्या त्या मुलाकडे जो संघ पाठ फिरवितो, तो सामना जिंकूनही हरला. आणि जो संघ धावत जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, तो हरूनही हरला नाही.